गोल्फ स्कूल: जाण्याआधी, तिथे असताना आणि मुंबईत परतल्यावर

मुंबईत गोल्फ शिकू पाहणाऱ्याची खरी अडचण शिक्षकांची नसून जागेची आहे. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब, हाजीअलीजवळचा विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब आणि कुलाब्याचा, मुख्यतः सैन्यदलांसाठी असलेला यूएस (युनायटेड सर्व्हिसेस) क्लब ही सभासदांची मैदाने आहेत. सभासद नसलेल्याला तिथे खेळायचे असेल, तर एखाद्या सभासदाच्या ओळखीने पाहुणा म्हणूनच जावे लागते. सिडकोने विकसित केलेले खारघर व्हॅली गोल्फ कोर्स सर्वांना खुले आहे. मात्र बोरिवलीहून किंवा ठाण्याहून तिथे जाऊन, खेळून परत येण्यात सुट्टीचा बहुतेक दिवस खर्ची पडतो. त्यामुळे अनेक मुंबईकर वर्षातून एकदा रजा काढून पुण्याला, बंगळूरला, दिल्ली परिसरात किंवा थेट थायलंडला तीन ते पाच दिवसांच्या गोल्फ स्कूलमध्ये दाखल होतात. तिथे चेंडू छान उडू लागतो, आणि घरी आल्यावर महिन्याभरात तो पुन्हा पूर्वीसारखाच उजवीकडच्या झाडीत शिरू लागतो.

याचा दोष बहुधा शिकवणाऱ्याचा नसतो. चार दिवसांत कोणताही प्रशिक्षक दोषाचे निदान करू शकतो आणि सरावाचा आराखडा आखून देऊ शकतो. नवी हालचाल अंगवळणी पडते ती त्यानंतरच्या सहा ते आठ आठवड्यांत, आणि मुंबईकराच्या बाबतीत त्या सरावाच्या जागा म्हणजे घरातला हॉल, इमारतीची गच्ची आणि आठवड्यातून एखाद्या वेळी गाठता येणारी ड्रायव्हिंग रेंज, म्हणजे नुसते फटके मारण्याच्या सरावाची जागा. म्हणून शाळा कोणती निवडावी, कधी जावे, तिथे काय विचारावे आणि काय मागून घ्यावे, हे सारे एका कसोटीवर पारखावे: तिथे शिकवलेले इथे, आपल्या जागेत, करता येणार आहे का? पुढील सर्व सूचना याच कसोटीला धरून केल्या आहेत.

आपण कोणत्या टप्प्यावर आहोत?

ज्याने आजवर क्लब, म्हणजे चेंडू मारण्याची काठी, हातात धरलेला नाही, त्याने निवासी गोल्फ स्कूलवर मोठी रक्कम खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कोऱ्या पाटीवर चार दिवसांत ग्रिप (क्लबवरची पकड), स्टान्स (उभे राहण्याची ठेवण), स्विंग (क्लब फिरवण्याची क्रिया), चिपिंग (होलजवळचे छोटे फटके), पटिंग (चेंडू घरंगळवत होलमध्ये घालणे) आणि नियम असे सारे एकदम ओतले, तर त्यातले थोडेच टिकते. त्याऐवजी रेंजवर आठवड्यातून एक तास याप्रमाणे दोन-तीन महिने शिकणे अधिक फलदायी ठरते, कारण दोन धड्यांच्या मध्ये शरीराला आणि मनाला मुरायला वेळ मिळतो. वर्षभर खेळलेला, एखाद्या ठरावीक दोषाने त्रस्त झालेला आणि रेंजवरच्या तासाभराच्या धड्यांनी पुढे सरकत नसलेला खेळाडू हाच गोल्फ स्कूलचा खरा लाभार्थी आहे. मैदानावर प्रशिक्षकासोबत सलग काही तास चालण्याची संधी त्याला एरवी मिळत नाही. ती इथे मिळते.

लहान मुलांचा विचार वेगळा करावा. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळला, तेव्हापासून आपल्याकडच्या पालकांच्या मनात या खेळाविषयी नवी आशा दिसते; पण दहा-बारा वर्षांच्या मुलाला चार दिवसांच्या शिबिरापेक्षा वर्षभर चालणाऱ्या वर्गाची आणि सोबत खेळणाऱ्या समवयस्कांची गरज अधिक असते.

केव्हा जावे?

शाळेच्या तारखा ठरवताना बहुतेक लोक रजा आणि विमानाचे भाडे एवढेच पाहतात. वास्तविक पाहावे ते शाळेनंतरचे दोन महिने. मे महिन्यात शिकून आलेल्या माणसाचा सरावाचा काळ नेमका जून-जुलैच्या पावसात सापडतो. रेंज चिखलाने भरलेली असते, हातमोजे वाळत नाहीत आणि विजा चमकू लागल्या की मैदान सोडावे लागते. नोव्हेंबरच्या आरंभी गेलेल्याला मात्र फेब्रुवारीपर्यंतच्या कोरड्या, सुसह्य सकाळी मिळतात. कार्यालयातील कामाचा हंगामही लक्षात घ्यावा. लेखापरीक्षणाच्या धामधुमीत बुडणाऱ्या सनदी लेखापालाने सप्टेंबरच्या आधी शिकायला जाण्यात काहीच हशील नाही.

शाळा निवडताना विचारायचे प्रश्न

माहितीपत्रकातील हिरव्यागार छायाचित्रांवरून काही कळत नाही. दूरध्वनी करून पुढील गोष्टी विचाराव्यात, आणि उत्तरे गोलमोल मिळाली तर त्यावरून जे समजायचे ते समजावे.

पहिला प्रश्न असा की आपल्याला प्रत्यक्ष कोण शिकवणार आहे. शाळेला नाव एका नामांकित प्रशिक्षकाचे आणि शिकवणारे त्याचे सहायक, असे अनेक ठिकाणी असते. त्यात गैर काही नाही, परंतु ते आधी माहीत असावे. भारतातील प्रशिक्षकांसाठी नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडियाची श्रेणीनिहाय प्रमाणपत्रे आहेत, त्यांची चौकशी करावी. प्रमाणपत्र असले म्हणजे शिकवण्याची हातोटी असतेच असे नव्हे. तरीही किमान पाया पक्का असल्याची खात्री पटते.

दुसरा प्रश्न एका प्रशिक्षकामागे किती विद्यार्थी, हा आहे. चारपर्यंत ठीक, आठ असतील तर आपल्या वाट्याला तासाभरात सात-आठ मिनिटेच येतील, आणि त्यापेक्षा रेंजवरचा वैयक्तिक धडा स्वस्त पडेल.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असून तो सहसा कोणी विचारत नाही: किती तास चटईवर, किती गवतावर आणि किती प्रत्यक्ष मैदानावर? कृत्रिम चटई फार दयाळू असते. क्लब चेंडूच्या मागे जमिनीवर आदळला, तरी तो चटईवरून घसरत पुढे जातो आणि चेंडू बऱ्यापैकी उडतो. गवतावर तोच फटका मातीत रुततो आणि चेंडू दहा पावलांवर पडतो. मुंबईत परतल्यावर सराव बहुधा चटईवरच होणार असल्यामुळे, गवतावरची सत्यपरीक्षा शाळेतच भरपूर व्हायला हवी.

याशिवाय चित्रफिती आणि रडारची (चेंडूचे उड्डाण मोजणाऱ्या यंत्राची) मोजमापे आपल्याला सोबत देणार का, पाऊस आल्यास तासांची भरपाई कशी होते, शाळा संपल्यानंतर प्रशिक्षक चित्रफीत पाहून अभिप्राय देतात का, आणि शिकवणे कोणत्या भाषेत होते, हेही विचारावे. शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण शरीराच्या हालचालींविषयीचे सूक्ष्म बोलणे परक्या भाषेत अर्धवट कळले, तर चार दिवस मान डोलावण्यात जातात. डावखुऱ्यांनी आपल्या हाताचे क्लब तिथे मिळतील का हे नक्की विचारावे. ते सर्वत्र मिळतातच असे नाही.

जाण्यापूर्वीचा महिना

नवा सेट विकत घेऊन शाळेत जाण्याचा मोह टाळावा. दुकानात सुचवलेली शाफ्टची (क्लबच्या दांड्याची) लवचिकता आणि लांबी आपल्या स्विंगला साजेशी आहे की नाही, हे प्रशिक्षकाने स्विंग पाहिल्यावरच ठरू शकते. नियमांनुसार पिशवीत जास्तीत जास्त 14 क्लब ठेवता येतात. शिकण्यासाठी मात्र एक हायब्रिड (लांबच्या फटक्यांसाठी), सातचे आणि नऊचे आयर्न (मधल्या पल्ल्यासाठी), सँड वेज (वाळूतून मारण्यासाठी), पटर (पटिंगसाठी) आणि झेपत असल्यास ड्रायव्हर (सर्वांत लांब पल्ल्याचा क्लब) एवढे पुरे आहेत.

मागील चार-पाच फेऱ्यांची नोंद तयार करावी. नुसता एकूण स्कोर लिहून उपयोग नाही. प्रत्येक होलवर, म्हणजे मैदानाच्या प्रत्येक टप्प्यावर, टीवरचा (सुरुवातीच्या जागेवरून मारलेला) चेंडू कुठे गेला, ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) किती फटक्यांत पोहोचलो, किती पट लागले आणि दंडाचे किती फटके पडले, हे लिहावे. ज्याला आपला ड्रायव्हर वाईट वाटत असतो, त्याचे फटके प्रत्यक्षात ग्रीनपासून 40 मीटरच्या आत वाया जात असल्याचे अशा नोंदींतून अनेकदा उघड होते. याच्या उलटही घडते. कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी व्यावसायिक खेळाडूंच्या फटक्यांचे विश्लेषण करून दाखवले की चांगला आणि सामान्य खेळाडू यांच्यातील फरकाचा मोठा भाग पटिंगमध्ये नसून लांबच्या फटक्यांत असतो. आपले दुखणे कुठले, हे अंदाजावर न सोडता कागदावर मांडलेले बरे.

सोबत दोन चित्रफिती घ्याव्यात, एक छातीसमोरून आणि दुसरी चेंडू व लक्ष्य यांच्या रेषेत मागून. मोबाइल हातांच्या उंचीवर तिवईवर स्थिर ठेवावा. कोन बदलला की स्विंग वेगळाच दिसतो, आणि पुढे तुलना करायची असल्यामुळे हे कोन कायम ठेवणे आवश्यक आहे.

शरीराची तयारीही हवी. 18 होलची फेरी पायी खेळली, तर सात ते दहा किलोमीटर चालणे होते. खुर्चीत बसून काम करणाऱ्यांची कंबर आणि पाठीचा वरचा भाग आखडलेला असतो, आणि तिथून न मिळणारे वळण ते खांद्याने आणि मनगटाने भरून काढू पाहतात. महिनाभर रोज पंधरा मिनिटे कंबरेची आणि पाठीची वळणे, उठाबशा आणि चालणे एवढे केले, तरी तिसऱ्या दिवशी कंबर धरण्याची शक्यता बरीच कमी होते. पाठीचे किंवा कोपराचे जुने दुखणे असल्यास ते पहिल्याच भेटीत सांगावे. त्यानुसार स्विंगचा आकार बदलता येतो.

चेंडू का वळतो, एवढे तरी समजून जावे

प्रशिक्षकाचे अर्धे बोलणे या एका विषयाभोवती फिरते, म्हणून तो आधीच समजून घेतल्यास वेळ वाचतो. चेंडू कोणत्या दिशेने निघतो हे मुख्यत्वे आघाताच्या क्षणी क्लबचा चेहरा (चेंडूवर आदळणारी बाजू) कुठे पाहतो यावर ठरते. तो हवेत किती आणि कोणीकडे वळतो, हे क्लबचा मार्ग आणि त्याचा चेहरा यांच्यातील फरकावर अवलंबून असते. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा क्लब बाहेरून आत, म्हणजे लक्ष्याच्या डावीकडे, जात असेल आणि चेहरा त्या मार्गाच्या मानाने उघडा, म्हणजे उजवीकडे पाहणारा, असेल, तर चेंडू उजवीकडे वळत जातो. हाच तो सर्वत्र आढळणारा स्लाइस. चेंडू उजवीकडे जातो म्हणून खेळाडू आपला रोख आणखी डावीकडे धरतो, त्यामुळे क्लबचा मार्ग आणखी डावीकडे जातो आणि स्लाइस वाढतो. दुष्टचक्र असे तयार होते, आणि ते मोडण्याची सुरुवात बहुधा ग्रिपपासून करावी लागते.

मुंबईच्या मैदानांवर क्रिकेट खेळून मोठे झालेल्यांसाठी एक खास सूचना आहे. फलंदाज चेंडूकडे जातो, डोके आणि पुढचा पाय चेंडूच्या रेषेत नेतो, आणि शेवटच्या क्षणी हातांनी सावरून घेऊ शकतो. गोल्फमध्ये चेंडू जमिनीवर स्थिर असतो, पाय जागचे हलवायचे नसतात आणि धड पुढे झेपावले की क्लब फार उभा खाली येतो. प्रशिक्षकाला आपला क्रिकेटचा इतिहास सांगून ठेवावा. नजर आणि हातांचा मेळ ही क्रिकेटची देणगी उपयोगी पडते. पुढे झेपावण्याची सवय मात्र सोडावी लागते.

पहिला दिवस

पहिल्या तासाला प्रशिक्षक आपले फटके पाहतो, तेव्हा नेहमीचाच स्विंग करावा. अनेक जण या वेळी सावध, हळुवार, सरळ फटके मारून आपली लाज राखतात आणि निदानच चुकवतात. स्लाइस होत असेल, तर तो मनसोक्त होऊ द्यावा.

त्यानंतर बहुधा ग्रिप, रोख, पायांतील अंतर, पाठीचा कल आणि चेंडूची जागा यांवर काम सुरू होते. हे कंटाळवाणे वाटते आणि मंडळी मनातल्या मनात ड्रायव्हरची वाट पाहत असतात, पण संपूर्ण शाळेतील सर्वांत टिकाऊ लाभ याच तासात होतो, कारण चेंडू मारण्याआधीच्या या सगळ्या गोष्टी घरच्या हॉलमध्ये जशाच्या तशा करता येतात. ग्रिप बदलली की ती विचित्र, दुबळी आणि चुकीची वाटणारच. प्रशिक्षकाने बसवून दिलेल्या हातांचे समोरून आणि वरून छायाचित्र काढून घ्यावे. आठवड्याभराने हात नकळत जुन्या जागी सरकतात, तेव्हा हे छायाचित्रच साक्षीला उभे राहते.

ऐकावे कसे आणि मारावे किती

एका वेळी एकच बदल मागून घ्यावा. उत्साही प्रशिक्षक एका तासात पाच सुधारणा सुचवतो, तेव्हा नम्रपणे विचारावे की यांपैकी एकच टिकवायची असेल तर कोणती. उत्तर देण्यासाठी त्यालाही विचार करावा लागतो.

सूचना कोणत्या स्वरूपात स्वीकारायची, यालाही महत्त्व आहे. गॅब्रिएले वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नवशिक्यांच्या एका गटाला पिच शॉट (जवळून उंच उडवायचा छोटा फटका) मारताना आपल्या हातांच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितले होते आणि दुसऱ्याला क्लबच्या हालचालीकडे. क्लबकडे लक्ष देणाऱ्यांचे फटके अधिक अचूक ठरले, सरावातही आणि नंतरच्या चाचणीतही. तेव्हा ‘उजवे कोपर पोटाजवळ ठेवा’ अशी सूचना मिळाली, तर ‘म्हणजे क्लबचे डोके कुठून कुठे गेले पाहिजे?’ असे विचारावे. टीवर उभे असताना कोपर आठवत नाही. क्लबचा मार्ग आठवतो.

आपल्याला जे जाणवते आणि प्रत्यक्षात जे घडते, यांत मोठी तफावत असते. बॅकस्विंग (क्लब मागे नेण्याची हालचाल) अर्धाच केला असे वाटते आणि चित्रफितीत तो पूर्ण दिसतो. म्हणून नवी हालचाल सुरुवातीला अतिशयोक्त आणि अगदी हळू करावी, दर सहा-सात चेंडूंनंतर चित्रफीत पाहावी. रडारच्या पडद्यावर दहा-बारा आकडे झळकतात. आपल्या दोषाशी संबंधित एक किंवा दोनच पाहावेत, बाकीचे करमणुकीसाठी आहेत असे समजावे.

चेंडूंची बादली संपवणे हे ध्येय असू नये. थकलेले शरीर जुन्याच सवयीकडे वळते, आणि दुपारी मारलेले शंभर चेंडू सकाळी शिकलेल्या पन्नासांवर पाणी फिरवतात. मधल्या वेळात सावलीत बसावे, लिंबू-सरबत घ्यावे, हातमोजा बदलावा. दमट हवेत घामाने भिजलेल्या मोज्यात ग्रिप सैल पडू नये म्हणून आपण क्लब आवळतो, आणि मग मनगटे ताठरतात. किमान तीन मोजे जवळ असू द्यावेत.

नवीन हालचाल समजेपर्यंत एकाच क्लबने एकाच दिशेला मारणे योग्य आहे. ती समजली की प्रत्येक चेंडूला क्लब आणि लक्ष्य बदलावे. जॉन शी आणि रॉबिन मॉर्गन यांनी 1979 मध्ये हातांच्या हालचालींवर केलेल्या प्रयोगात एकच हालचाल सलग घोटणारे सरावाच्या वेळी पुढे होते, परंतु काही दिवसांनी चाचणी घेतली तेव्हा मिसळून सराव करणारे पुढे गेले. गोल्फच्या मैदानावर एकच फटका सलग दोनदा क्वचितच मारावा लागतो, त्यामुळे हा निष्कर्ष आपल्याला विशेष लागू पडतो. असा सराव करताना चेंडू वाईट उडतात आणि मन खट्टू होते. ते चालवून घ्यावे.

ग्रीनजवळचे तास सोडू नयेत

दुपारी शिबिरार्थी दमलेले असतात, पटिंगचा तास आला की निम्मे जण चहाला जातात. प्रशिक्षक मोकळा सापडण्याची हीच वेळ असते.

पटिंगचे गणित फार सोपे आणि फार निष्ठुर आहे. होलचा व्यास 108 मिलिमीटर असतो. तीन मीटरवरून पट मारताना दिशा एका अंशाने चुकली, तर होलपाशी चेंडू सुमारे 5.2 सेंटिमीटर बाजूला जातो, म्हणजे जेमतेम होलच्या कडेवर. म्हणून जवळच्या पटसाठी दिशा आणि लांबच्या पटसाठी वेग, असे दोन वेगळे सराव मागून घ्यावेत. आपला पटर आपल्याला वाटतो तिकडेच पाहतो आहे का, हे प्रशिक्षकाकडून एकदा तपासून घ्यावे; अनेकांचा तो कायम दोन अंश बाजूला पाहत असतो आणि त्यांना वर्षानुवर्षे पत्ता नसतो.

चिपिंगमध्ये चेंडू कुठे थांबेल यापेक्षा तो कुठे टप्पा घेईल, ते ठिकाण निवडायला शिकावे. बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) सँड वेजचा तळाचा फुगीर भाग वाळूवरून घसरू देणे आणि चेंडूच्या चार-पाच सेंटिमीटर मागे वाळूत शिरणे, एवढे जमले तरी भीती जाते. पावसाळ्यात खेळणाऱ्यांनी ओल्या, घट्ट वाळूतून कसे मारायचे तेही विचारून ठेवावे. तिथे क्लब वाळूत शिरण्याऐवजी उसळतो, आणि चेंडू थेट ग्रीनपलीकडे जातो.

प्रशिक्षकासोबत मैदानावर

शाळेत प्रशिक्षकासोबतची नऊ होलची फेरी असेल, तर स्कोर मोजूच नये. प्रत्येक फटक्याआधी आपला निर्णय मोठ्याने सांगावा: अमुक क्लब, अमुक लक्ष्य, चुकलाच तर या बाजूला चुकलेला परवडेल. प्रशिक्षकाला स्विंगपेक्षा हा विचार दुरुस्त करू द्यावा. सामान्य खेळाडूचे बरेच फटके वाईट स्विंगमुळे नव्हे, तर झाडांमधल्या फटीतून मारण्याच्या हट्टामुळे जातात.

नियम आणि रीतही इथेच शिकून घ्याव्यात. 2019 च्या नियमबदलांनंतर हरवलेला चेंडू शोधायला पाचऐवजी तीन मिनिटे मिळतात, चेंडू उचलून पुन्हा खेळात आणताना गुडघ्याच्या उंचीवरून ड्रॉप करायचा (खाली सोडायचा) असतो आणि ग्रीनवरून पट मारताना झेंडा होलमध्येच ठेवला तरी चालतो. उखडलेले गवत बसवणे, ग्रीनवरचा चेंडूचा खड्डा दुरुस्त करणे आणि बंकरमधली पावले मिटवणे ही कामे कॅडीची (पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाची) आहेत असा गैरसमज आपल्याकडे रूढ आहे. पाहुणा म्हणून गेलेल्या खेळाडूची पारख यजमान सभासद यावरूनच करतात.

रोज रात्री आणि शेवटच्या दिवशी

रोज रात्री वहीत चार गोष्टी लिहाव्यात: दोष कोणता, त्याचे कारण कोणते, त्यासाठी दिलेला सराव कोणता आणि तो नीट जमला तेव्हा अंगाला काय जाणवले. चौथी नोंद पूर्णपणे आपल्या शब्दांत असावी, कारण दोन महिन्यांनी प्रशिक्षकाची परिभाषा विसरलेली असते आणि ‘डावा खांदा हनुवटीखाली आला’ हे स्वतःचे वाक्य कामी येते.

शेवटच्या दिवशी प्रशिक्षकाला दहा मिनिटे मागावीत आणि त्याच्या परवानगीने मोबाइलवर त्याचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे. त्याला आपली परिस्थिती स्पष्ट सांगावी: घरात आठ-दहा फूट मोकळी जागा आहे, छत नऊ फुटांवर आहे, रेंज आठवड्यातून एकदाच मिळते. मग विचारावे की पहिले प्राधान्य कशाला, घरी करता येण्याजोगे दोन सराव कोणते, रेंजवरचा एक कोणता, आणि जुना दोष परत येऊ लागल्याचे चेंडूच्या उड्डाणावरून कसे ओळखायचे. या प्रश्नांची उत्तरे चार दिवसांच्या बाकी साऱ्या शिकवणीइतकीच मोलाची आहेत.

मुंबईत परतल्यावर

पूर्ण स्विंग घरात करण्याचे धाडस करू नये. छताचा पंखा गोल्फपटूंना क्षमा करत नाही. कमरेइतक्या उंचीचा अर्धा स्विंग आरशासमोर, रोज दहा मिनिटे, अगदी हळू करावा. बातम्या पाहताना क्लब हातात धरून ग्रिप बसवावी, सोडावी, पुन्हा बसवावी, आणि छायाचित्राशी ताडून पाहावी.

पटिंगच्या सरावासाठी मुंबईचे घर उत्तम आहे. दोन फुटी फरशांच्या सांध्यांइतकी सरळ रेषा कोणत्याही ग्रीनवर मिळणार नाही. चेंडू सांध्यावर ठेवावा, एका फरशीच्या अंतरावर सांध्याच्या दोन्ही बाजूंना दोन काडेपेट्या अशा उभ्या ठेवाव्यात की त्यांच्यामध्ये साडेपाच सेंटिमीटरांची फट राहील. चेंडूचा व्यास 42.67 मिलिमीटर असल्यामुळे दोन्ही बाजूंना जेमतेम सहा मिलिमीटर उरतात. या फटीतून काडेपेट्यांना न शिवता गेलेला चेंडू तीन मीटरवर सुमारे तीन सेंटिमीटरच ढळेल, म्हणजे सपाट ग्रीनवर होलमध्ये पडेल. उघड्या फरशीवर चेंडू फार वेगाने धावतो, म्हणून वेगाच्या सरावासाठी सतरंजी किंवा योगासनांची चटई अंथरावी. पहाटे फरशीवर चेंडू आपटून खालच्या मजल्यावरच्यांची झोप मोडू नये. गच्चीवर चिपिंग करायचे असेल, तर सोसायटीची परवानगी घेऊन फोमचे चेंडू वापरावेत.

रेंजवर जाताना साठ चेंडूंची विभागणी आधीच ठरवावी: वीस नव्या हालचालीसाठी हळू, वीस क्लब बदलत, वीस काल्पनिक होल खेळत. लोकलने जाणाऱ्यांनी संपूर्ण पिशवी न्यायची गरज नाही. तीन क्लब पातळ पिशवीत घालून रविवारी पहाटेची गाडी धरली की गर्दीत कोणाच्या डोळ्यात शाफ्ट जात नाही.

पहिले काही आठवडे स्कोर बिघडेल, आणि ते अपेक्षितच आहे. या काळात पैजा लावून खेळणे आणि क्लबच्या स्पर्धा टाळाव्यात. हँडिकॅपची, म्हणजे खेळाची पातळी दाखवणाऱ्या आकड्याची, चिंता नको. 2020 पासून लागू झालेल्या जागतिक पद्धतीत शेवटच्या 20 फेऱ्यांपैकी सर्वोत्तम 8 धरल्या जातात, त्यामुळे थोड्या वाईट फेऱ्यांनी आकाश कोसळत नाही. रेंजवरचे शेजारी आणि इंटरनेटवरच्या चित्रफिती यांपासूनही या काळात अंतर ठेवावे, कारण एकाच आजारावर दोन वैद्यांची औषधे एकत्र घेतली की गुण कशाचा आणि अपाय कशाचा हे कळत नाही. कॅडीच्या बाबतीत एक भेद करावा: ग्रीनचा उतार कुठे आहे हे त्याचे सांगणे निमूटपणे मानावे, स्विंगविषयीचा त्याचा सल्ला मात्र दोन महिने नम्रपणे बाजूला ठेवावा.

सहा ते आठ आठवड्यांनी त्याच प्रशिक्षकाकडे, शक्य असल्यास प्रत्यक्ष, नाहीतर चित्रफीत पाठवून, तपासणी करून घ्यावी. क्लब तोच, कोन तेच, आणि सोबत वही. प्रशिक्षकाने जुनी नोंद पाहून ‘हे सुधारले, हे राहिले, आता पुढचे हे’ असे सांगितले, तर पुढच्या वर्षीही त्याच्याकडेच जावे. जुने काही न पाहता त्याने अगदी वेगळाच स्विंग शिकवायला घेतला, तर पुढच्या हिवाळ्यासाठी दुसरी शाळा शोधावी, आणि दूरध्वनीवर वर दिलेल्या प्रश्नांच्या जोडीला आधीच्या विद्यार्थ्यांचा पाठपुरावा कसा करता, हा प्रश्नही विचारावा.